शास्त्रीय चिन्हे मजकुरात टिकवावीत कशी

संगणकात अंशाची खूण १७६ या क्रमांकाने साठवली जाते, अधिक-उणेची १७७ ने, मायक्रोची १८१ ने आणि गुणाकाराची २१५ ने. फाइलमध्ये फक्त हे आकडे असतात. त्यांना पडद्यावर किंवा कागदावर कोणता आकार द्यायचा, ते फाँट ठरवतो. त्यामुळे फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली आणि तिथला फाँट वेगळा निघाला, की क्रमांक तोच राहून चिन्ह बदलू शकते. अक्षरे बिघडली तर ती लगेच डोळ्यांत भरतात. चिन्ह बिघडले तर त्या जागी दुसरे, तितकेच शहाणे दिसणारे चिन्ह येते आणि कागद पुढे सरकतो.

ही अडचण महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरच्या गावांत जास्त जाणवते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आहे, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ही दोन नावे वर्षातून एकदा वर्तमानपत्रात येतात. एरवी हा संत्र्याच्या बागांचा मुलूख आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा मिळून बनला. इथे घरात मराठी बोलली जाते आणि सरकारी कागद हिंदीत निघतो. संत्र्याविषयीचा बराचसा सल्ला मराठीत, नागपूरच्या बाजूने येतो. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. कचेरीत वर्षानुवर्षे कृतीदेव फाँट चालत आला, मराठी छापखान्यांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी रुजले, आणि मोबाईलवरचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये असतो. माती परीक्षणाचा अहवाल किंवा फवारणीचे पत्रक या तिन्हींतून फिरले, की त्यातले अंश, टक्के, गुणोत्तरे आणि अपूर्णांक यांचे काय होते, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

कृतीदेव हा खरे तर देवनागरीचा वेष घेतलेला रोमन फाँट आहे. संगणकाला कळते ते रोमन अक्षर. फाँट फक्त त्याच्या जागी देवनागरी तुकडा काढून दाखवतो. रोमन अक्षरे पुरली नाहीत म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी विरामचिन्हांच्या आणि गणितचिन्हांच्या जागाही वापरल्या. बरोबरच्या चिन्हाच्या जागी ‘त्र’ बसवला, हॅशच्या जागी ‘रु’, विसर्गासारख्या दिसणाऱ्या कोलनच्या जागी ‘रू’, पूर्णविरामाच्या टिंबाच्या जागी अर्धा ‘ण्’, तिरप्या रेघेच्या जागी अर्धा ‘ध्’, आणि अधिकच्या जागी नुक्ता. छोट्या आडव्या रेघेच्या जागी टिंब आले, ‘डॉ.’ लिहिताना कृतीदेवचा टायपिस्ट म्हणूनच रेघेची कळ दाबतो. कंसांना जागा उरली नव्हती, तेव्हा ¼ या अपूर्णांकाच्या जागी उघडता कंस आणि ½ च्या जागी मिटता कंस ठेवला गेला. कृतीदेवची फाइल साध्या फाँटमध्ये उघडली की मजकुरात जिथे तिथे पाव आणि अर्धा दिसतात, त्याचे कारण हे.

आता उलट दिशेने पाहावे. बोर्डो मिश्रणाचे एक टक्क्याचे प्रमाण मोरचूद १ किलो, चुना १ किलो आणि पाणी १०० लिटर असे आहे, आणि ते १:१:१०० असे लिहिण्याची पद्धत आहे. साध्या फाँटमध्ये टाइप केलेला हा भाग घाईत ‘सगळे निवडा आणि कृतीदेव लावा’ या आज्ञेखाली आला, तर कागदावर ‘१रू१रू१००’ उमटते. मातीच्या अहवालातला रोमन लिपीतला ‘पीएच ७.५’ हा मजकूर ‘चभ् ७ण्५’ होतो. हे दोन्ही बिघाड निदान विचित्र दिसतात, म्हणून पकडले जातात. पण तापमानाच्या तक्त्यातला −२ साध्या रेघेने लिहिलेला असेल, तर कृतीदेवमध्ये तो ‘.२’ होतो. उणे दोनचे दशांश दोन झाले, आणि तक्ता वाचणाऱ्याला त्यात खटकण्यासारखे काहीच नाही. तसेच ½ लिटर लिहिलेल्या जागी नुसता एक मिटता कंस येतो. मुद्रित तपासणारा तो छपाईची चूक समजून खोडून टाकण्याची शक्यता बरीच, आणि मग मात्राच नाहीशी.

दोष एकट्या कृतीदेवचा नाही. वर्डमध्ये ‘सिम्बॉल’ नावाचा फाँट पूर्वीपासून येतो. तो लावून रोमन छोटा एम टाइप केला की ग्रीक म्यू दिसतो आणि मोठा डब्ल्यू टाइप केला की विद्युतरोध मोजणाऱ्या ओमची खूण. वर्षानुवर्षे लोकांनी मायक्रोग्रॅम असाच लिहिला. ती ओळ साध्या मजकुरात चिकटवली, किंवा फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली, की मागे उरतो रोमन एम, म्हणजे मिलिग्रॅम. मात्रा हजारपट वाढली आणि एककही खरेच असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. त्याच न्यायाने १० ओमचा रोध १० वॅटचा दिसू लागतो. औषधाच्या मात्रेत म्यू हे चिन्ह टाळून ‘मायक्रोग्रॅम’ असे अक्षरी लिहावे, असा सल्ला रुग्णसुरक्षेच्या क्षेत्रात दिला जातो, तो याच जातीच्या चुका टाळण्यासाठी. पशुवैद्यकीय औषधे आणि कीटकनाशके यांच्या मराठी पत्रकांतही तो पाळायला हरकत नाही.

चिन्हाचा अर्थ फाँटमध्ये न ठेवता क्रमांकात ठेवायचा, ही गरज सगळ्यांना एकाच वेळी उमगली नाही. १९६३ च्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या; त्यात अधिक, बरोबर, टक्का, छोटी रेघ आली, अंश आला नाही. पुढे पश्चिम युरोपीय भाषांसाठी २५६ जागांचा जो तक्ता झाला, त्याच्या वरच्या अर्ध्यात अंश, मायक्रो, अधिक-उणे, पाव, अर्धा, पाऊण आणि वर्ग-घनाचे छोटे आकडे बसवले गेले. भारतात याच सुमारास इस्की या भारतीय लिपींच्या संकेताची जुळवाजुळव चालू होती. भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ मध्ये आलेल्या या संकेताने आस्कीच्या १२८ जागांना हात लावला नाही. देवनागरी वरच्या अर्ध्यात ठेवली. म्हणजे इस्कीच्या मजकुरात बरोबरचे चिन्ह बरोबरचेच राहत होते. टायपरायटरची सवय आणि स्वस्त फाँट यांच्यापुढे हा शहाणपणा मागे पडला, हे दुर्दैव. १९९१ सालीच आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आणि प्रत्येक अक्षराला व चिन्हाला स्वतःचा, दुसऱ्या कोणाशी न वाटून घेतलेला क्रमांक दिला. युनिकोडमध्ये चिन्हाला क्रमांकाबरोबर अधिकृत नाव आणि गुणधर्मही मिळतात: ते अक्षर आहे की गणितचिन्ह, ते अंक मानायचे की नाही, त्याचे दुसऱ्या चिन्हाशी नाते काय. आकार मात्र नमुन्यादाखल असतो. तो कसा काढायचा ते फाँटवर सोडलेले असते.

नवे चिन्ह या व्यवस्थेत कसे शिरते, याचे भारतीय उदाहरण ₹ चे आहे. उदय कुमार यांनी काढलेली ही खूण केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली. तेव्हा तिला क्रमांक नव्हता. मंगळुरूच्या फोरॅडियन टेक्नॉलॉजीजने लगेच एक फाँट फुकट वाटला. त्यात कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या स्वरचिन्हाच्या कळेवर ₹ चा आकार बसवला होता. लोकांनी तो आवडीने वापरला, आणि ज्यांच्याकडे तो फाँट नव्हता त्यांना रकमेआधी एक तिरपा फराटा दिसत राहिला. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीने ₹ ला ८३७७ हा क्रमांक दिला आणि तो तिढा सुटला. त्या काही महिन्यांत तयार झालेल्या फाइलींत मात्र अजूनही फराटाच आहे.

क्रमांक मिळाला तरी तो फाइलमध्ये बाइटांच्या रूपात उतरवावा लागतो. त्यासाठी आज जवळजवळ सर्वत्र यूटीएफ-८ ही पद्धत चालते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये रचली. तीत आस्कीतले चिन्ह एका बाइटात मावते, अंशाला दोन बाइट लागतात आणि देवनागरीच्या अक्षराला तीन. अंशाच्या १७६ चे दोन बाइट १९४ आणि १७६ असे होतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याप्रमाणे वाचली, तर १९४ ला तो वेगळे अक्षर समजतो आणि अंशाच्या आधी डोक्यावर टोपी घातलेला रोमन ए उभा राहतो. अर्ध्याच्या आधी, मायक्रोच्या आधी, अधिक-उणेच्याही आधी हाच टोपीवाला ए दिसला, तर चिन्ह शाबूत आहे आणि फक्त वाचन चुकले आहे असे समजावे. असा ए हाताने खोडत बसू नये. फाइल पुन्हा उघडताना यूटीएफ-८ निवडावे. हवामानाच्या किंवा माती परीक्षणाच्या नोंदी स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या फाइलीत येतात आणि हिशेबपत्रकात उघडल्या जातात, तिथे हा प्रकार नेहमी होतो.

देवनागरीत लिहिणाऱ्याची एक खास अडचण सारख्या दिसणाऱ्या चिन्हांची आहे. अंशाची खूण (१७६), देवनागरी शून्य (२४०६) आणि देवनागरीचे लाघवचिन्ह ॰ (२४१६) हे तिघे लहान आकारात छापले की जवळजवळ एकच वाटतात. त्यात स्पॅनिश-पोर्तुगीज क्रमवाचकातले वरचे छोटे ओ (१८६) मिसळते. ‘४२°’ च्या जागी कोणी लाघवचिन्ह टाकले तर माणूस बरोबर वाचतो, पण अंशाचा शोध घेणारा प्रोग्रॅम ती नोंद वगळतो, आणि शून्य टाकले तर बेचाळीसचे चारशे वीस होतात. अंशानंतर सेल्सिअससाठी मराठीत ‘से.’ लिहावे, अंश आणि रोमन सी एकत्र असलेले एकच तयार चिन्ह युनिकोडमध्ये आहे, पण ते जुन्या पूर्व आशियाई संकेतांशी मेळ राखण्यासाठी ठेवलेले आहे, नव्या मजकुरात वापरू नये.

गुणोत्तराच्या दोन टिंबांसाठी विसर्ग वापरण्याची सवय मराठी-हिंदी टायपिंगमध्ये खोल रुजली आहे. विसर्ग (२३०७) हा अक्षराला चिकटणारा स्वरादी आहे. आकड्यामागे तो एकटा पडला की अनेक फाँट त्याच्या आधी टिंबांचे गोल वर्तुळ काढून दाखवतात. १:१:१०० मध्ये साधा कोलनच हवा. उणेचेही तसेच: कळफलकावरची रेघ (४५) ही जोडरेघ आहे, खरे उणे चिन्ह ८७२२ वर आहे. छापील तक्त्यात दुसरे शोभते, कारण ते अधिकच्या रुंदीचे असते आणि ओळीच्या शेवटी आकड्यापासून तुटत नाही. पण हिशेबपत्रकात, जिथे बेरीज करायची आहे, तिथे पहिलेच ठेवावे. दुसऱ्याला काही प्रोग्रॅम अंकाचा भाग मानत नाहीत. मायक्रोला दोन क्रमांक आहेत, जुन्या तक्त्यातून आलेला १८१ आणि ग्रीक म्यूचा ९५६. ओमलाही दोन: ग्रीक ओमेगा ९३७ आणि स्वतंत्र ओमचिन्ह ८४८६. युनिकोड ओमच्या बाबतीत ओमेगाला पसंती देतो आणि प्रमाणीकरणात दुसऱ्याचे रूपांतर पहिल्यात होते. एका संस्थेने एकच ठरवून तेच सगळीकडे वापरावे, म्हणजे शोध फसत नाही. आकड्यांनाही हे लागू आहे: देवनागरी १ चा क्रमांक २४०७ आहे, आंतरराष्ट्रीय एकचा ४९. वाचण्यासाठीच्या मजकुरात देवनागरी आकडे जरूर असावेत. ज्या रकान्यांवर हिशेब होणार आहे तिथे आंतरराष्ट्रीय आकडे सुरक्षित.

घातांकाचा प्रश्न याहून नाजूक आहे. संत्र्याच्या मुळकुजीवर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरतात. त्याच्या भुकटीच्या पुडीवर प्रति ग्रॅम किमान २×१०⁶ जिवंत एकके असे लिहिलेले असते. वर्डमध्ये सहाचा आकडा निवडून ‘वर उचलला’ असेल, तर ते उचलणे ही नुसती सजावट असते. ओळ व्हॉट्सॲपवर किंवा साध्या मजकुरात चिकटवली की सहा खाली येऊन बसतो आणि २×१०६ उरते, म्हणजे २१२. मूळ संख्या होती वीस लाख. युनिकोडमध्ये वरचे आणि खालचे छोटे आकडे स्वतंत्र क्रमांकाने आहेत. खालचा दोन, जो पाण्याच्या सूत्रात लागतो, ८३२२ वर आहे. पण हे फक्त आंतरराष्ट्रीय अंकांचे. देवनागरीचे वर बसणारे अंक २००९ च्या ५.२ आवृत्तीत आले खरे, पण ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी आहेत आणि मागच्या अक्षराच्या डोक्यावर चढतात. घातांक म्हणून त्यांचा उपयोग नाही. मराठी पत्रकात म्हणून सर्वांत निर्धोक वाट ‘प्रति ग्रॅम किमान २० लाख’ असे लिहिण्याची. जिथे घातांक हवाच तिथे क्रमांकाचा छोटा आकडा टाइप करावा, सजावटीवर विसंबू नये.

टाइप करण्याच्या वाटा अनेक आहेत. विंडोजच्या संगणकावर आल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकफलकावर ०१७६ दाबले की अंश येतो, ०१७७ ने अधिक-उणे, ०१८१ ने मायक्रो, ०१८९ ने अर्धा, ०२१५ ने गुणाकार. हे करताना फाँट कृतीदेव असता कामा नये, नाहीतर क्रमांक बरोबर जाऊनही आकार भलताच दिसेल आणि टायपिस्ट तो ‘दुरुस्त’ करून बसेल. वर्डमध्ये युनिकोडचा षोडशमान क्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांत लिहून लगेच आल्ट आणि एक्स दाबले की तो चिन्हात बदलतो: २२१२ ने खरे उणे, २०८२ ने खालचा दोन. अंकफलक नसलेल्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि टिंब एकत्र दाबून चिन्हांची पेटी उघडते. मोबाईलवर चिन्हांच्या दुसऱ्या पानावर अंश असतो आणि काही कळफलकांवर आकडा दाबून धरला की अपूर्णांक व घातांक पुढे येतात.

कृतीदेवची बोटांना लागलेली सवय सोडावी लागत नाही. मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी या संगणक-कौशल्य परीक्षेत हिंदी टायपिंगसाठी इनस्क्रिप्टबरोबर रेमिंग्टन गेल ही मांडणीही चालते, आणि तीत बोटे जुन्या जागीच पडून अक्षरे युनिकोडमध्ये उमटतात. चिन्हांपुरता कळफलक इंग्रजीवर नेऊन परत आणावा. सुरुवातीला हे जाचक वाटते. दिवसाकाठी पाच-सहा अहवाल करणाऱ्याला ते आठवड्याभरात अंगवळणी पडते.

जुनी कृतीदेव फाइल युनिकोडमध्ये आणताना क्रम सांभाळावा लागतो. महाजालावरचे परिवर्तक साधा मजकूर घेतात. त्यातला कोणता तुकडा कृतीदेवमध्ये होता आणि कोणता साध्या फाँटमध्ये, हे त्यांना दिसत नाही. सगळी फाइल एकदम टाकली तर खऱ्या टक्क्यांचे विसर्ग आणि खऱ्या अर्ध्यांचे कंस होतात. म्हणून आधी मूळ फाइलीत साध्या फाँटमधले सगळे आकडे, एकके आणि सूत्रे शोधावीत, तक्ते बाहेर काढून ठेवावेत, उरलेला मजकूर बदलावा आणि तक्ते परत बसवावेत. बदलानंतर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून फक्त चिन्हे तपासण्याची एक वेगळी फेरी करावी. अक्षरे वाचता वाचता चिन्हे तपासली जात नाहीत. पीडीएफवर भरवसा ठेवू नये. तीत फाँट सोबत बांधलेला असल्यामुळे कागद निर्दोष दिसतो, पण कृतीदेवच्या पीडीएफमधून ओळ उचलली की रोमन अक्षरांचा कचराच हाती येतो. मजकूर खरा युनिकोडमध्ये आहे का, हे पाहायला नोटपॅड पुरते: तिथे चिकटवल्यावर देवनागरी देवनागरीच राहिली आणि अंश, अर्धा, मायक्रो जागेवर असले, तर क्रमांक बरोबर आहेत. एखाद्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन आला तर घाबरण्याचे कारण नाही. त्या फाँटमध्ये तो आकार नाही, इतकेच. फाँट बदलला की चिन्ह दिसते.

शेतकऱ्याच्या फोनवर जाणाऱ्या एसएमएसचा हिशेब वेगळा आहे. रोमन लिपीतल्या संदेशात १६० अक्षरे मावतात, पण ती ज्या लहान तक्त्यातून येतात त्यात ओमेगा आहे आणि अंश नाही. रोमन संदेशात एक अंशाची खूण टाकली की सबंध संदेश मोठ्या संकेतात जातो आणि मर्यादा ७० वर येते. देवनागरी संदेशाची मर्यादा मुळातच ७० आहे, लांब संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७. तिथे अंश, अर्धा किंवा मायक्रो यांपैकी काहीही लिहिल्याने जादा खर्च येत नाही. रोमन संदेश पाठवायचाच असेल तर अंशाऐवजी त्याचे नाव अक्षरांत लिहावे.